तू म्हणतो तर कच्ची

भास्कर, परवा तुझ्या तेरवीला जेवढी माणसं जेवली तेवढी आपल्या जानेफळात राहतच नाहीत. पंगत थेट एसटी स्टँडपर्यंत गेली होती. मेहकरहून आलेल्या गाडीला पुढे जायला जागा उरली नाही, म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरसकट बावन्न प्रवासी खाली उतरून जेवायला बसले. बरं, बावन्न नसतील. अकरा असतील. दोन तर नक्की होते, त्यांच्या पानात मी माझ्या हाताने बुंदी वाढली. तू असतास तर एक भुवई उचलून एवढंच विचारलं असतंस, "किसन्या, किती?" आणि मी बावन्नवरून सरळ दोनवर आलो असतो. आता माझे आकडे उतरवणारं कोणी राहिलं नाही. बावन्न म्हटलं की लोक मान डोलावतात आणि पुढच्या पानाकडे वळतात. तिथेच मला समजलं की तू खरंच गेलास.

आज सकाळी तुझ्या अंगणातलं पेव उघडलं. तुझ्या आज्याने ज्वारीसाठी खणलेलं, पण आता ज्वारी नाही, एकच बाटली होती त्यात. रीतीप्रमाणे तोंडावरचा दगड सरकवून आतली कोंडलेली हवा जाऊ दिली, मग दोरीने कंदील सोडला. कंदील विझला तर माणसाने उतरायचं नसतं. मी मनात म्हणत होतो, विझ बाबा, विझ. नाही विझला. उतरावं लागलं. सहावी बाटली वर आणून तुझ्या ओट्यावर ठेवली आहे, आणि ती उघडायच्या आधी तुला काही सांगायचं आहे, म्हणून हा कागद.

आपण पहिलीपासूनचे. पण मधली बावीस वर्षं तू नाशिककडच्या एका वायनरीच्या तळघरात होतास आणि मी मेहकर आगाराच्या गाडीत, एक हात दोरीला आणि एक तिकिटाच्या पंचाला. तू पिंपं धुतलीस, भरलीस, फिरवलीस. वर साहेब लोक चव घेऊन कागदावर लिहायचे आणि तू खाली उभा राहून ऐकायचास. एक पिंप मात्र तुझ्याकडे सोपवलं होतं. कधी ढवळायचं, कधी बाटलीत भरायचं, सगळं तुझ्या मनाने. काम सोडताना ते तुला घड्याळ देत होते. तू म्हणालास, घड्याळ नको, माझ्या पिंपातल्या सहा बाटल्या द्या. त्या सहा बाटल्या तू माझ्याच गाडीत बसवून आणल्यास, आणि मी प्रत्येकीचं अर्धं तिकीट फाडलं. (हे खरं आहे. सहा नाही, एक फाडलं. पण फाडलं.)

आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाइन ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. आपल्याकडे मे महिन्यात कोंबडी उकडलेलं अंडं देते. तू पेवात उतरलास, तळाला गाल लावून बसलास आणि वर येऊन म्हणालास, "नाशिकच्या तळघरापेक्षा बेस आहे बे." कडबा अंथरून सहाही बाटल्या आडव्या निजवल्यास. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सहाही उभ्या! सुमनवहिनी खाली उतरल्या होत्या.

"भरलं भांडं आडवं ठेवते का कोणी?" वहिनी म्हणाल्या. "लक्षणं चांगले नाहीत."

"अवो, बूच ओलं राहाले पाह्यजे. बूच सुकलं की हवा जाते आत."

"मंग बुचावर पानी शिपडा. भरलं भांडं लोळवू नका."

आठवडाभर हेच. तू आडव्या करायचास, वहिनी उभ्या करायच्या. वाइन त्या आठवड्यात नाशिक ते जानेफळ एवढी हलली नसेल तेवढी हलली. शेवटी तू पेवात हळद-कुंकू वाहून नारळ फोडलास, तेव्हा कुठे वहिनी मानल्या.

मग तू रीत घालून दिलीस. वर्षातून एक बाटली. दिवस कोणता, तर वेचणीचा पहिला दिवस. सकाळी शेतात सीतादही करायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून पहिला कापूस घरी आणायचा, आणि त्याच दुपारी, भर उजेडात, ओट्यावर, साऱ्या आळीच्या डोळ्यांदेखत बाटली उघडायची. लपून प्यालो तर ती दारू, चारचौघांत हुंगली तर ती परीक्षा, असं तुझं म्हणणं. आळीचं म्हणणं वेगळं होतं, पण ते जाऊ दे.

साहेब लोक ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरतात, तू पहिल्या वेचणीच्या कापसावर धरायचास. "याच्याहून पांढरं काय आहे आपल्याकडे?" त्यात वाइनचा काठ पाहायचा. कोवळी असली की काठापर्यंत जांभळी. पिकत चालली की काठ आधी लाल होतो, मग भाजल्या विटेसारखा. मग नाक. मग घोट, जिभेवर सगळीकडे फिरवून, दातांच्या मागे, हिरड्यांवर. ओढते का, सुकवते का, की सरकते. तोंड साफ करायला बिनमिठाची ज्वारीची भाकर. आणि शेवटी पिकदाणीत थुंकायचं. इथे आपलं भांडण.

"थुक बे."

"थुकू? एवढ्या लांबून आणली, वर्षभर निजवली, अन् थुकू?"

"हे पिणं नोहे, काम आहे. पोटाले चव समजत नाही."

"माह्या पोटाले समजते. माह्या पोटाले सातवीपर्यंत शिकवलं आहे."

पाच वर्षांत मी एकदाही थुंकलो नाही. आणि तू पाच वर्षांत एकदाही गिळली नाहीस. एवढं भांडण कोणत्या नवरा-बायकोचं टिकलं नसेल.

पहिल्या वर्षी तूच सांगितलंस सगळं. ग्लासात नाक घालून डोळे मिटलेस तेव्हा मला वाटलं समाधी लागली. "कच्ची आहे," म्हणालास. "पण चालेल. दोन-तीन साल." आणि त्या उन्हाळ्यात ती साथ आली आणि तुला ताप आला. ताप गेला, नाक घेऊन गेला. वहिनींनी तुझ्या नाकाखाली हिंगाचा डबा धरला, बिब्बा जाळला, मी गाडीच्या डिझेलमध्ये बुडवलेला बोळा आणला. काही नाही. बावीस वर्षं नाकावर जगलेल्या माणसाला डिझेल आणि मोगरा सारखा झाला. तू रडला नाहीस. मी रडलो, घरी जाऊन, आणि बायकोला सांगितलं की कांदा कापला. घरात कांदा नव्हता.

दुसऱ्या वर्षी वेचणीच्या दिवशी तू ग्लास माझ्यापुढे सरकवलास.

"आता माह्यं नाक तू."

"मी? लेका, मी तो माणूस आहे ज्यानं साऱ्या डेपोले सांगितलं का आमच्या ड्रायव्हरनं रेडिएटरमधी लोणारच्या सरोवराचं पाणी टाकलं, अन् गाडी चिखलीपर्यंत फेस काढत गेली, अन् मागून बायायनं रस्त्यावर धुणं धुतलं!"

"माहीत आहे. म्हणून एक कायदा. ग्लासवर खोटं बोलायचं नाही."

"अन् ग्लास सोडून?"

"ग्लास सोडून तुले मोकळं रान."

मी वास घेतला आणि उगाच साहेबी थाटात म्हणालो, "चेरी." तू कपाळावर हात मारलास. "चेरी खाल्ली काय बे कधी? केकवरची लाल रबरी चेरी नोहे ते. जे खाल्लं नाही त्याचा वास कसा येईन? तुह्या गावातलं सांग." मग मी सांगत गेलो. जांभूळ, पण झाडावरचं, अर्धं लाल असलेलं. हिरडा. ओल्या बाभळीची साल. सुतार रंधा मारतो तेव्हाची धूळ. तू डोळे मिटून ऐकायचास आणि तुझ्या नाकपुड्या हलायच्या, जणू माझ्या शब्दांना वास आहे. मी आयुष्यात हजारो लोकांना गोष्टी सांगितल्या रे. कोणी असं ऐकलं नाही. खोटं बोलायची इच्छाच होईना. ती कच्ची होती आणि मी कच्ची म्हणालो.

तेव्हाच तू ठरवलंस की पिकली की मी डबल बेल द्यायची. ग्लास भरल्यावर मी माझ्या जुन्या पंचाने ग्लासाच्या काठावर एकदा ठोकायचो, टिंग. एक बेल म्हणजे गाडी थांबली, दोन म्हणजे सुटली. "आता ज्या दिवशी पिकली," तू म्हणालास, "त्या दिवशी दोन ठोक. मंग मी निघतो."

"कुठं?"

"पुण्याले. मनीषा मागं लागली आहे दोन सालापासून. म्हणते बाबा, आई एकटी किती करीन, या दोघं. तिच्या चौथ्या मजल्यावर ही वाइन उन्हाळ्यात उकळीन बे. पिकेपर्यंत पेव सोडता येत नाही. पिकली की उरलेल्या बाटल्या घ्यायच्या, पोरीसंग, जावयासंग बसून संपवायच्या. एकदा तरी माह्या हातची, तिच्या नेमक्या दिवसाची प्यायची आहे."

तुझी तेवढीच मागणी होती. बावीस वर्षं तू दुसऱ्यांसाठी पिकवलीस आणि एकदा स्वतःची, वेळेवर हवी होती. आणि वेळ सांगायचं काम माझ्याकडे.

आता ऐक, भास्कर. तिसऱ्या वर्षी ती पिकली होती.

मी नाक घातलं आणि क्षणभर कोण कुठला ते विसरलो. जांभूळ होतंच, पण वाळलेलं, जणू कोणी फडक्यात बांधून ठेवलेलं. त्याच्यामागे जुन्या मोटेचं चामडं, आपल्या लहानपणी विहिरीवर ओलं व्हायचं आणि उन्हात वाळायचं ते. अंजीर. उन्हात घातलेली चिंच. मग अगदी तळाला, पाऊस उघडून तिसऱ्या दिवशी काळ्या रानाला भेगा पडायच्या आधी जो वास येतो तो. घोट घेतला तर कुठे ओढ नाही, खरखर नाही, आणि गिळल्यावरही ती जाईना. मी मनात दत्ताच्या देवळापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, तरी ती तोंडात होती. यातलं एक अक्षर वाढवून सांगत नाही. ग्लासवर आहे मी.

हातात पंच होता. मी एकदा ठोकलं होतं, दुसरं ठोकायचं होतं. तू डोळे मिटून, मान पुढे करून बसला होतास. आणि मला तुझा ओटा दिसला, रिकामा. माझी पेन्शन सुरू होऊन चार महिने झाले होते. सकाळी उठून जायला मला तुझ्या ओट्याशिवाय दुसरा थांबाच नव्हता रे.

"कच्ची," मी म्हणालो. "ओढते अजून."

तू ग्लास घेतलास. कापसावर तिरपा धरलास. बराच वेळ धरलास. घोट घेतलास, सगळीकडे फिरवलास, थुंकलास. माझ्याकडे पाहिलंस.

"तू म्हणतो तर कच्ची," म्हणालास.

चौथ्या वर्षीही कच्ची. त्या वर्षी ती तशीच होती, किंबहुना कणभर जास्त गोड, आणि मी हिरडा आणि बाभळीची साल यांच्या अशा थापा मारल्या की माझी मलाच तुरट लागायला लागली. "तू म्हणतो तर," म्हणालास. पाचव्या वर्षी, म्हणजे मागल्या वेचणीला, चामडं विरलं होतं, अंजीर गेलं होतं. ती उतरायला लागली होती. आता खरं सांगावं तर दोन वर्षांचं खोटं उघडं पडतं, म्हणून पुन्हा कच्चीच म्हणालो. त्या दिवशी तू वेगळंच काही बोललास. म्हणालास, "किसन्या, पिकणं अन् उतरणं एकाच रस्त्यावरचे दोन गावं आहेत. मधात थांबा एकच. तू कंडक्टर, तुले समजलं पाह्यजे कुठं बेल माराची."

मी म्हणालो, "चांगल्या गाडीले शेवटचा थांबा नसते."

"नसते?"

"नसते."

तू हसलास आणि थुंकलास. त्या वादाचं उत्तर द्यायचं राहिलं. मी म्हटलं, पुढल्या वेचणीला देऊ. पुढली वेचणी तुझ्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

एवढं सांगून झाल्यावर तू म्हणशील, चल, जे झालं ते झालं, उघड आता. मीही तसंच ठरवून ओट्यावर बसलो होतो. मनीषा आत आईच्या साड्यांची घडी घालत होती. रविवारी वहिनींना घेऊन जाणार आहे ती. वहिनी बाहेर आल्या, हातात बिस्किटांचा जुना डबा. "भाऊजी, हे तुमच्या कामाचं का पाहा. मले टाकवत नाही."

डब्यात कापसाचे पाच बोळे. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर तुझ्या अक्षरात आकडा: पहिली, दुसरी, तिसरी. तू दरवर्षी ग्लास रिकामा केल्यावर शेवटचा थेंब कापसाने टिपायचास. मला वाटायचं, पुसतोस. तू ठेवत होतास.

मी ते पाचही बोळे ओट्यावर ओळीने मांडले. उन्हात. वाळल्यावर रंग जरा उडतोच, पण पाच बोळ्यांना सारखाच उडेल की नाही? पहिला जांभळा. दुसरा जांभळाच, थोडा लाल. तिसऱ्याला विटेचा काठ. चौथ्याला वीटच. पाचवा चहाच्या डागासारखा. आंधळ्याला दिसेल असं होतं ते, भास्कर. आणि तुझं नाक गेलं होतं, डोळे नव्हते गेले. जीभ नव्हती गेली. ओढते की सरकते हे कळायला नाक लागत नाही, हे मला तूच शिकवलं होतंस, पहिल्याच वर्षी, भाकर चावत.

"वहिनी," मी विचारलं, "तिसऱ्या साली, आमचं हे झाल्यावर, तो काही बोलला काय?"

वहिनी ओट्याच्या कडेला टेकल्या. "काय बोलनार? मनीषाले फोन लावला. म्हणे, किसन म्हणते कच्ची आहे, यंदा काही येणं होत नाही. अन् फोन ठेवून हासत बसले."

"हासत?"

"हाव. मी इचारलं काऊन हासता, तं म्हणे, कंडक्टर गाडी सुटूच देत नाही."

आता सांग. मी काय करू तुझं? मी तीन वर्षं समजत होतो की मी तुला फसवलं, आणि तू तीन वर्षं ओट्यावर बसून मला फसवू देत होतास. नेमक्या दिवसाची प्यायची होती ना तुला? प्यालास की मग. तिसऱ्या वर्षी तुझ्या जिभेवर होती ती, पिकलेली, आणि तू थुंकलीस. तुझ्या तोंडावरून मला ओळखू येऊ नये म्हणून थुंकलीस का, सवयीने थुंकलीस, की तिथेच थांबावं असं तुलाही वाटत होतं? पोरीकडे जायचं नव्हतं तुला, की माझ्यासाठी राहिलास? हे विचारायला ओट्यावर तू पाहिजेस. दुसऱ्या कोणाला माहीत नाही. वहिनींना मी विचारलं नाही; त्यांचीही तीन वर्षं गेली त्यात, मनीषाचीही. त्यांची माफी मी परवा मागितली, पण तेरवीच्या गर्दीत, आणि कशासाठी ते सांगितलं नाही. आज सांगितलं. मनीषाने हातातली साडी खाली ठेवली. आत गेली आणि थोड्या वेळाने ग्लास धुऊन घेऊन आली. दोन नाही, चार.

डब्याच्या तळाशी सहावी चिठ्ठी होती. आकडा लिहिलेला, बोळा नाही.

उघडली. बूच मधूनच मोडलं, तुझ्या हाताने कधी मोडलं नसतं. बाटलीच्या गळ्याखाली टॉर्च धरून हळू ओतली. गाळ खांद्याशी आला तशी थांबलो. मनीषाने सकाळी वेचून आणलेला कापूस ठेवला. पंचाने एकदा ठोकलं.

लिहून घे. काठ पाण्यासारखा फिका, मध्ये जुन्या कौलाचा रंग. वास थोडा, वाट पाहावी लागते. वाळला पाला. थंड झालेला कोरा चहा. जांभूळ नाही. चामडं नाही. एकदा वाटलं की त्या काळ्या मातीचा वास आला. पुन्हा नाक घातलं तर नव्हता. तो कदाचित माझ्याच मनातला. तोंडात मऊ, आंबट, लवकर जाते. देवळापर्यंत नाही, फाटकापर्यंत. वाईट नाही. थकलेली आहे. पहिला घोट मी पिकदाणीत थुंकलो, भास्कर. आयुष्यात पहिल्यांदा. तुझं खरं होतं, थुंकलं की जास्त समजते. दुसरा गिळला. माझंही खरं होतं.

वहिनींनी पदर नाकाला लावून ग्लास हुंगला. ओठ लावला, तोंड वाकडं केलं, आणि सगळं माहीत असूनही विचारलं, "काय म्हणते? कच्ची का?"

हे त्यांनी अगदी तुझ्या आवाजात विचारलं. माझ्या तोंडाशी आलं होतं. एवढं सोपं होतं ते. ओढते अजून, पुढल्या वेचणीला पाहू. तू पेवातून वर आला असतास, ओट्यावर बसला असतास, भुवई उचलली असतीस.

"नाही, वहिनी. पिकली."

"कवा?"

"तिसऱ्या सालीच."

वहिनींनी ग्लास खाली ठेवला. मनीषाने कापसाचा बोळा ग्लासात टेकवला, पिळला आणि सहाव्या चिठ्ठीवर ठेवला. मी पंच उचलला. तुझ्या रिकाम्या जागेसमोरचा ग्लास भरलेला होता. ज्या गाडीची बेल मी तीन वर्षं हातात धरून ठेवली, ती आता सोडायला हवी, हे समजत होतं. हात कापत होता. कापत होता म्हणजे असा की ओटा हलत होता, आणि पेवाचा दगड हलत होता, आणि जानेफळ...

नाही. हातच कापत होता.

पिकली बे, भास्कर. जाय आता.

टिंग. टिंग.